परसातली फळं अवेळी का गळतात? फवारणीआधी गळालेलं फळ कापून बघा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. नाशिकच्या इंदिरानगरला बंगल्याच्या आवारात केशर आंब्याचं आठ वर्षांचं कलम, एक कागदी लिंबू आणि एक पेरू. केशरला मोहोर भरभरून येतो, पण कैऱ्या वाटाण्याएवढ्या झाल्या की गळायला लागतात, गोटीएवढ्या होईपर्यंत झाड जवळजवळ रिकामं होतं आणि शेवटी हातात दहा-पंधरा आंबे येतात. लिंबं हिरवीच पडतात. पेरू पावसाळ्यात पिकायच्या आत खाली. शेजारच्यांनी बुंध्यात खिळे ठोकायला सांगितलं, कुणी खडेमीठ घालायला सांगितलं. दुकानातून एक टॉनिक आणि एक कीटकनाशक आणून ठेवलंय, ते एकत्र करून मारू का, असं विचारलंय.

अजून काहीच मारू नका. तुमच्या तिन्ही झाडांची तक्रार वरवर एकच दिसते, पण कारणं वेगवेगळी आहेत, आणि ती बाटलीच्या लेबलवर नाही तर जमिनीवर पडलेल्या फळात सापडतात. फळ कोणत्या वयात गळलं आणि कापल्यावर आत काय दिसलं, या दोन गोष्टी कळल्या की निम्म्याहून जास्त निदान होतं. नाशिकमध्ये बंगल्यांच्या बागा सांभाळताना मी हेच पहिलं काम करतो आणि घरच्यांनाही तेच करायला लावतो.

सकाळी झाडायच्या आधी झाडाखालची ताजी पडलेली फळं उचला. आदल्या दिवशीची सुकलेली नकोत. आधी देठाकडचं टोक बघा. जिथून फळ सुटलं तिथे स्वच्छ, कोरडी, फिकट खळगी असेल तर झाडाने ते फळ आपणहून सोडलंय. तिथे काळपट डाग असेल, देठाभोवती तपकिरी कडं असेल तर बुरशीचा संशय घ्यायचा. मग सालीवर टाचणीने टोचल्यासारखं छिद्र आहे का, त्यातून रस किंवा डिंक आलाय का, ते बघा. आणि मग धारदार सुरीने फळ उभं कापा. कोवळ्या कैरीची कोय अजून कठीण झालेली नसते, सुरी सहज जाते. आत बी दिसेल. ती पांढरी, ओलसर, टपोरी असेल तर बी धडधाकट होती आणि झाडावरच्या ताणामुळे फळ गेलं. बी तपकिरी, सुरकुतलेली असेल किंवा कागदाच्या कपट्यासारखी नुसती चपटी साल असेल, तर ते फळ टिकणारच नव्हतं. भले तुम्ही काहीही फवारलं असतं.

असं का, ते समजून घेतलं तर पुढचं सगळं सोपं जातं. फळाचा देठ फांदीला जिथे जोडलेला असतो तिथे पेशींचा एक पातळ थर असतो. वाढणारी बी ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार करते आणि ते देठातून सतत झाडाकडे वाहत राहतं. जोवर ते वाहतंय तोवर हा थर घट्ट राहतो. बी मेली, किंवा झाडाला पाणी-अन्नाचा ताण बसला, मुळं गुदमरली, कीड-रोगाने फळाला जखम झाली, की ऑक्सिन कमी पडतं आणि फळ सुटायला लावणारं इथिलीन वाढतं. मग त्या थरातल्या पेशी एकमेकींपासून सुट्या होतात आणि वाऱ्याच्या साध्या झुळकीनेही फळ गळतं. म्हणजे आज जे फळ पडलं त्याचं कारण बऱ्याचदा आजचं नसतं, चार-आठ दिवसांपूर्वीचं असतं. म्हणूनच ‘काल वारा सुटला म्हणून गळलं’ हे उत्तर अनेकदा अपुरं असतं. वारा फक्त सुटलेलं फळ खाली आणतो.

आता तुमच्या केशरकडे येऊ. आंब्याच्या एका तुऱ्यात शेकड्यांनी, कधी हजारांनी फुलं असतात. त्यातली बरीचशी नर. उरलेल्या द्विलिंगी, म्हणजे नर-मादी दोन्ही भाग असलेल्या फुलांपैकी काहींना फळ धरतं आणि त्यातलीही बहुतेक वाटाण्याएवढी होईपर्यंत गळतात. एका तुऱ्यावर शेवटी एखादा-दुसरा आंबा टिकला तर ते चांगलं पीक. कित्येक तुरे रिकामेच जातात. त्यामुळे झाडाखाली वाटाण्याएवढ्या कैऱ्यांचा सडा पडला म्हणून घाबरायचं कारण नाही. ती झाडाची स्वतःची विरळणी आहे, आणि ती थांबवायचा प्रयत्न करणाऱ्याला मी नेहमी अडवतो. काळजी करायची ती गोटीएवढं झाल्यानंतरच्या गळीची. तोवर झाडाने निवड केलेली असते. त्यानंतर जी कैरी जाते ती आपल्या हातातली जाते.

नाशिकला यात थंडीची भर आहे, आणि कोकणातली माहिती वाचून बाग करणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली सहज जातो. निफाडला, कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावर, त्याहून बराच खाली उतरल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. मोहोर अशा थंडीत वाढला तर त्यात द्विलिंगी फुलं कमी निघतात, परागकण नीट रुजत नाहीत, आणि फळ धरलं तरी आतली बी अर्धवट मरते. मग तुऱ्यावर एकसारख्या छोट्या कैऱ्यांचा झुबका दिसतो. घरच्यांना वाटतं काय फळ धरलंय! पण त्या सुपारीएवढ्या झाल्या की वाढ थांबते, पिवळट पडतात आणि एकेक करून गळतात. कापून बघितल्यावर आत बी नसतेच. यावर घरगुती उपाय नाही, खर्च करू नका. थंडी ओसरल्यावर, फेब्रुवारीत जो दुसरा मोहोर फुटतो त्याला फळ चांगलं धरतं. लक्ष द्यायचं ते त्याच्याकडे.

दुसरी गोष्ट परागीभवनाची. आंब्याचं परागीभवन मुख्यत्वे माश्या आणि छोटे कीटक करतात. उत्तरेकडचा दशहरी, लंगडा यांना तर स्वतःच्याच परागाने नीट फळ धरत नाही, दुसऱ्या जातीचं झाड जवळपास लागतं. कॉलनीत शेजारीपाजारी आंबे असतात, त्यामुळे सहसा अडत नाही. अडतं ते फवारणीमुळे. मोहोर पूर्ण फुललेला असताना कीटकनाशक मारलं की मोहोराचा रस शोषणाऱ्या तुडतुड्यांबरोबर या माश्याही मरतात आणि फुलं तशीच वाळतात. तुम्ही आणलेली बाटली मोहोर फुलल्यावर उघडायची नाही ती याच कारणाने.

तुडतुडे आणि भुरी मात्र खरोखर नुकसान करतात. मोहोराखालून जाताना डोक्यावर बारीक टपटप होत असेल, पानं चिकट लागत असतील, त्यावर काजळी धरली असेल तर तुडतुडे आहेत. तुऱ्याच्या दांड्यावर पिठासारखी पांढरी बुरशी दिसली तर भुरी. दोन्हींचा बंदोबस्त मोहोर पोपटी असताना, फुलं उमलण्याआधी करायचा. भुरीसाठी पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक, १० लिटर पाण्याला २० ग्रॅम. ते संध्याकाळी मारा. उन्हाच्या तडाख्यात गंधकाने पानं आणि मोहोर भाजतो. तुडतुड्यांसाठी एखाद्या झाडाला निंबोळी तेल आणि दाट फांद्यांची विरळणी बहुतेक वेळा पुरते. झाडाच्या मध्यात ऊन आणि वारा शिरायला हवा. बंगल्यातली झाडं दोन भिंतींच्या सांदीत दाटलेली असतात, आणि तुडतुड्यांना नेमकी तीच जागा आवडते.

पण तुमच्या पत्रातलं खरं दुखणं मला पाण्यात दिसतं. मोहोर आल्यापासून आठवड्यातून दोनदा पाइप सोडून बुंध्याशी पाणी देतो, असं तुम्ही लिहिलंय. इंदिरानगर, पाथर्डी फाट्याच्या बाजूला कुठे काळी चिकण माती, कुठे हातभर खाली मुरूम, आणि बंगल्याच्या आवारात त्यावर बांधकामाचा राडारोडा. काळ्या मातीत असं पाणी साचून राहतं आणि मुळांना हवा मिळत नाही. मग मार्चच्या शेवटी कुटुंब गावाला जातं, तीच माती भेगाळते, भेगांबरोबर बारीक मुळं तुटतात. परत आल्यावर पुन्हा भरपूर पाणी. ओलं-कोरडं-ओलं हा हेलकावा झाडाला सहन होत नाही आणि ते सगळ्यात आधी फळं सोडतं. पाणी कमी पडल्यापेक्षा त्याच्या अनियमिततेने गळणारी फळं मी नाशिकमध्ये जास्त पाहिली आहेत.

आंब्याचं पाणी असं ठेवा. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरपासून मोहोर येईपर्यंत मोठ्या झाडाला पाणी नको. थोडा ताण मोहोराला हवाच असतो. मोहोर असतानाही नको. कैऱ्या वाटाण्याएवढ्या झाल्या की सुरू करा. कोकणात मोठ्या झाडाला पंधरा दिवसांनी १५० ते २०० लिटर, असं तीन-चार वेळा द्यायची शिफारस आहे. आपल्याकडची हवा कोरडी, एप्रिलचं ऊन चाळीसच्या आसपास. मुरमाड जागा असेल तर मी तेवढंच पाणी दोन हप्त्यांत, आठवड्याने देतो. काळ्या जमिनीत पंधरवडा चालतो. पाणी द्यायच्या आधी खुरप्याने वीतभर उकरून माती मुठीत दाबायची. गोळा झाला तर थांबा, भुगा झाला तर द्या. फळ काढणीच्या महिनाभर आधी पाणी बंद.

आणि ते बुंध्याशी देऊ नका. बुंध्याजवळ असतात ती झाडाला धरून ठेवणारी जाड मुळं. पाणी पिणारी बारीक मुळं दुपारी बाराला झाडाची सावली जिथे संपते त्या कडेला असतात. तिथे गोल चर काढून पाणी सोडा. बुंध्यापर्यंत पेव्हर ब्लॉक बसवले असतील तर निदान सावलीच्या कडेचे काढून घ्या. मी सांगितल्यावर लोकांच्या हे फार जिवावर येतं, पण सिमेंटखाली कोंडलेल्या मुळांना बाटलीतलं कुठलंच टॉनिक पोचत नाही. उघड्या मातीवर वाळलेला पाला, उसाचं पाचट, जे मिळेल ते चार बोटं जाड पसरा. फक्त खोडाला टेकू देऊ नका. तुमच्या कॉलनीत दर आठवड्याला पाला जाळला जातो, तो मागून घ्या.

खताचंही तेच. फळ धरल्यावर युरिया टाकला की झाड नवी पालवी फोडतं, आणि कोवळी पालवी व कोवळी कैरी यांच्यात अन्नासाठी ओढाताण झाली की कैरी हरते. शेणखत, नत्र, स्फुरद, पालाश जे काय द्यायचं ते पाऊस सुरू होताना, जूनमध्ये. तुमच्या झाडाच्या वयाला चाळीस-पन्नास किलो कुजलेलं शेणखत त्याच सावलीच्या कडेच्या चरात घाला.

एवढं सगळं नीट असताना गोटीएवढ्या कैऱ्या गळत असतील, कापल्यावर बी पांढरी आणि टपोरी दिसत असेल, तरच फवारणीचा विचार करा. दोन गोष्टी उपयोगाच्या आहेत. एक, पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे दुकानात १३:००:४५ म्हणून मिळतं ते. १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम, कैऱ्या वाटाण्याएवढ्या, गोटीएवढ्या आणि अंड्याएवढ्या असताना एकेकदा. दुसरं एनएए, म्हणजेच ऑक्सिनसारखं काम करणारं संप्रेरक. ४.५ टक्के द्रावण मिळतं, ते १० लिटर पाण्यात साडेचार मिलि टाकलं की २० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत वीस भाग होतं. वाटाणा अवस्थेला एकदा, गोटीला एकदा. यात मापाला हलगर्जी अजिबात चालत नाही. झाकणाने अंदाजे ओतू नका, औषधाच्या दुकानातून सिरिंज आणा. हेच संप्रेरक जास्त मात्रेत दिलं की फळं पाडतं, काही फळबागांमध्ये विरळणीसाठी ते तसंच वापरतात. तुमच्याकडच्या टॉनिकच्या बाटलीवर आत काय आणि किती टक्के आहे ते छापलेलं नसेल, तर ते झाडावर मारूच नका.

अवकाळी पाऊस आणि गारपीट यांच्यापुढे आपला इलाज नाही. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आपल्या जिल्ह्याने काय भोगलं ते द्राक्षवाल्यांना विचारा. गारांचा मार बसलेल्या कैऱ्या पंधरा दिवस गळत राहतात. अशा वर्षी झाडाला दोष देऊ नका.

लिंबाची गोष्ट निराळी. त्याची खाद्यमुळं वरच्या दीड-दोन फुटांतच असतात, म्हणून पाण्याचा हेलकावा त्याला आंब्याहून लवकर लागतो. थोडं पण नियमित पाणी हवं, आणि ते खोडाला लागता कामा नये. खोडाला पाणी लागत राहिलं की डिंक्या होतो. साल तडकते, त्यातून डिंक ओघळतो, पानं पिवळी पडतात आणि हिरवी लिंबं गळतात. यासाठी दुहेरी आळं करा. खोडाभोवती फूटभर मातीची भर, तिच्या बाहेर चर, पाणी फक्त चरात. डिंक दिसलाच तर तेवढी कुजलेली साल धारदार चाकूने खरवडून बोर्डो मलम लावा. १०० ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) आणि १०० ग्रॅम कळीचा चुना वेगवेगळे अर्ध्या-अर्ध्या लिटर पाण्यात प्लॅस्टिकच्या भांड्यांत भिजवायचे, मग एकत्र करून ब्रशने जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत लावायचं. लोखंडी बादली वापरू नका. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा पुरतं. लिंबाखाली कुदळीने खणणंही बंद करा, वरवर खुरपलं तरी भागतं.

आणखी एक. हल्ली बऱ्याच घरांत आरओ मशीनचं वाया जाणारं पाणी पाइप लावून झाडांना सोडतात. पाणी वाचवायचा हेतू चांगला आहे, पण त्यात क्षार एकवटलेले असतात, आणि लिंबूवर्गीय झाडांना क्षार सोसत नाहीत. पानांची टोकं जळाल्यासारखी तपकिरी होतात, मग फळं गळतात. ते पाणी फरशी पुसायला वापरा. वॉशिंग मशीनच्या पाण्याचंही तेच. नवी पानं बारीक आणि शिरा हिरव्या ठेवून मधला भाग पिवळा, असं दिसलं तर जस्त कमी पडतंय. चुनखडीच्या जमिनीत ते असूनही मुळांना मिळत नाही, म्हणून पानांवर फवारावं लागतं. १० लिटर पाण्यात ५० ग्रॅम झिंक सल्फेट आणि २५ ग्रॅम चुना.

पेरूचा गुन्हेगार जवळजवळ नक्की फळमाशी आहे. पडलेला पेरू फोडा. आत पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसतील, बोटाने हलवलं तर टुणकन उडी मारतात. माशी फळ पक्व व्हायला लागलं की सालीत अंडी घालते. बाहेरून बारीक टोच दिसते, तिच्याभोवतीचा भाग मऊ पडतो आणि फळ गळतं. अळी मग फळातून निघून जमिनीत कोष करते आणि त्यातून पुढची माशी येते. म्हणून पडलेले पेरू झाडाखाली ठेवायचे नाहीत, कंपोस्टच्या ढिगातही टाकायचे नाहीत. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून चार-पाच दिवस कडक उन्हात ठेवा किंवा दोन फूट खोल पुरा. मिथाइल युजेनॉल या माशीला खेचणाऱ्या रसायनाचा एक सापळा आवारात टांगा. त्यात फक्त नर माश्या सापडतात, त्यामुळे एकट्या सापळ्याने काम होत नाही. खरा उपाय पिशव्यांचा. पेरू लिंबाएवढा झाला की कागदी किंवा कापडी पिशवी बांधायची. एका झाडाला दोन संध्याकाळचं काम आहे आणि कुठलंही विष न मारता फळ हाती येतं. पावसाळ्यातल्या पेरूवर कीटकनाशक मारून मुलांच्या हातात द्यायला माझा ठाम विरोध आहे.

खिळ्यांबद्दल. बुंध्यात खिळा मारला की साल फाटते आणि बुरशीला व खोडकिड्याला दार मिळतं, बाकी काही होत नाही. मिठाचा सल्ला नारळावरून आलाय. नारळाला मीठ मानवतं, म्हणून लोक तेच आंब्याला आणि लिंबाला करतात. लिंबाला तर ते आरओच्या पाण्याहून वाईट.

शेजारच्या फणसाचंही तुम्ही विचारलंय. त्याची काळी पडून गळणारी बोटभर ‘फळं’ ही बहुधा फळं नसून नर फुलोरे आहेत. पराग सांडून झाला की ते गळतात, त्यांना बुरशी चढते. जाड देठाची, खोडावर किंवा जाड फांद्यांवर लागलेली फळं टिकली म्हणजे झालं. सीताफळाची गोष्ट वेगळी. त्याचं फूल आधी मादी म्हणून उमलतं आणि पराग नंतर सुटतो. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत मेळ बसत नाही, म्हणून तेव्हाची फुलं गळतात. पाऊस पडून हवा दमट झाली की फळ धरतं. झाडावर काळी पडून सुकलेली फळं लटकत असतील तर मात्र ती तोडून नष्ट करा, त्यांतला रोग पुढच्या हंगामात उतरतो.

लिंबाबद्दल नेमकं सांगायला मला अजून थोडी माहिती लागेल. खोडाच्या खालच्या दोन फुटांत डिंक आहे का, पाणी बोअरचं की पालिकेचं, आणि गळालेलं लिंबू उभं कापल्यावर देठाकडचा गर काळपट आहे की स्वच्छ. दिवसाउजेडी काढलेला फोटो पाठवा. पण आळं आत्ताच दुहेरी करून घ्या. कारण कोणतंही निघालं तरी ते करावंच लागणार आहे.